तेविसाव्या दिवसापासून आनंदी

ऑफिसात त्याला सगळे बिनघोर म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते हजेरीपुस्तकातच राहिलं. वय अठ्ठेचाळीस, पुढचे केस गेलेले, खिशात कायम दोन पेनं, त्यातलं एक न उठणारं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला पेन कशाला लागतं, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "सही करायला." सही करण्याजोगं काही त्याच्याकडे वर्षातून एखाद्या वेळी यायचं.

बिनघोर हे नाव उगाच पडलं नव्हतं. ऑफिसच्या भिंतीवर एक पांढरा फळा होता आणि त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा. ज्याचा त्याचा प्रोग्रॅम किती दिवस न पडता चालला, त्याचा तो आकडा. पडणं म्हणजे मध्येच अडखळून बंद होणं. ज्याचा पडेल त्याने आख्ख्या मजल्याला चहा पाजायचा आणि सगळ्यांसमोर आपला आकडा पुसून तिथे शून्य लिहायचं. चहाचं काही नाही हो, पण ते शून्य लिहायचं भलेभले संध्याकाळपर्यंत लांबवायचे. साहेबांची ही कल्पना. साहेब स्वतः प्रोग्रॅम लिहीत नसत, त्यामुळे त्यांना ती फार आवडायची. आणि बिनघोरच्या नावापुढे होतं सहाशे अकरा. त्याच्या खालोखालचा आकडा होता चौतीस.

आता या सहाशे अकराचं रहस्य काय, ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी फजिती त्यातूनच झाली.

त्याचं काम ऐकायला जड आणि करायला कंटाळवाणं होतं. दूर कुठेतरी कुणाच्या तरी सर्व्हरवर माहिती असते. बिनघोरच्या प्रोग्रॅमने ठरल्या वेळी तिथे जाऊन दार वाजवायचं आणि माहिती मागायची. पलीकडून येतो तो नुसता मजकूर, महिरपी कंसांनी गजबजलेला, या नावापुढे हे, त्या नावापुढे ते. तसाच्या तसा तो काही कामाचा नसतो. त्याचे ऑब्जेक्ट करावे लागतात. म्हणजे आधी एक साचा बनवायचा, साच्यात खण पाडायचे, आणि आलेल्या मजकुरातला एकेक तुकडा उचलून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा. खण भरले की ऑब्जेक्ट तयार. मग तो मोबाइलच्या पडद्यावर दाखवा, त्याचा आलेख काढा, काय हवं ते करा.

घोळ होतो दोनच ठिकाणी. खण आहे पण त्यात टाकायला काही आलंच नाही, तर? आणि काहीतरी आलं पण त्याला खणच नाही, तर? शहाणी माणसं अशा वेळी प्रोग्रॅमला ओरडायला शिकवतात. थांब, इथे काहीतरी गडबड आहे, कुणीतरी बघा. बिनघोर शहाणा नव्हता, अनुभवी होता. ओरडणारा प्रोग्रॅम पडतो आणि पडलेला प्रोग्रॅम फळ्यावर दिसतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्याने नियमच करून टाकला होता. खण रिकामा राहिला, तर यादीतला पहिला पर्याय त्यात भरून मोकळं व्हायचं. खण नसलेलं काही आलं, तर गुपचूप टाकून द्यायचं. ओरडा नाही, बोंब नाही, चहा नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसला एका शुश्रूषा केंद्राचं काम मिळालं. म्हाताऱ्या, आजारी, हाडं मोडलेल्या माणसांची देखभाल करणारं केंद्र, शहराबाहेर, बसने दोन तास. तिथल्या सेविका रोज प्रत्येक माणसाची नोंद करायच्या आणि ती घरच्यांना मोबाइलवर दिसायला हवी होती. जेवण: पूर्ण, अर्धं, नाही. चालणं: झालं, नाही झालं. मन:स्थिती: आनंदी, ठीक, उदास, चिडलेले. हा क्रम साहेबांचा. "चांगलं वर ठेवा," ते म्हणाले होते, "लोकांना बघताक्षणी बरं वाटलं पाहिजे."

शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसायची. नवीन होती, हुशार होती आणि प्रश्न विचारायची, म्हणून तिचं नाव पडलं होतं कटकट. तिने बिनघोरचं काम तपासताना एका ओळीवर बोट ठेवलं.

"सर, मन:स्थिती आलीच नाही तर 'आनंदी' का?"

"मग काय 'उदास' ठेवू? लोकांच्या जिवाला घोर लावू?"

"'माहीत नाही' ठेवा ना."

"अगं, 'माहीत नाही' म्हणणारं ॲप कोण विकत घेईल?"

तिकडून साहेबांनी मान डोलावली. बिनघोरची छाती फुगली. कटकटने त्या ओळीच्या शेजारी आपला प्रश्न लिहून ठेवला, तारखेसकट. हल्लीची मुलं अशीच असतात.

आणि मग ताई पडली.

ताई म्हणजे बिनघोरची थोरली बहीण, त्याच्याहून सतरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा हा पाच वर्षांचा होता. त्याचं नाक पुसण्यापासून त्याची फी भरण्यापर्यंत सगळं ताईने केलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून तिने तेहतीस वर्षं लोकांना लोकांशी जोडून दिलं आणि स्वतः कुणाशी जोडून घेतलं नाही. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "आधी याचं होऊ दे." याचं झालं, मग म्हणायची, "आता काय, राहूनच गेलं." राहायची ती बिनघोरकडेच. जिभेला धार, हातात सतत काहीतरी विणकाम, आणि तेहतीस वर्षांच्या हेडफोनने कान पार कामातून गेलेले. फोनवर तर तिला काही म्हणजे काहीच ऐकू यायचं नाही. फोन तिच्या हातात दिला की दुसऱ्या वाक्याला ती म्हणायची, "बरं, ठेवते."

तर ही ताई जिन्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. पण बिनघोरचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि पायऱ्या चोपन्न. दिवसभर नवरा ऑफिसात, बायको औषधांच्या दुकानात. ताईकडे बघायला घरात कोण? शेवटी त्या केंद्राचं नाव निघालं. बिनघोरला तर ते घरच्यासारखंच वाटत होतं, सर्व्हर ओळखीचा ना!

"सहा महिने राहून बघ," तो ताईला म्हणाला. "आवडलं तर कायम राहा. नाही आवडलं तर घरी आणतो. तू म्हणशील तसं."

"मी म्हणेन तसं?"

"शब्द देतो."

ताईने त्याच्याकडे नीट बघितलं आणि हो म्हणाली. सहा महिने संपले की केंद्राला कळवायचं होतं, कायम की परत. एवढीच काय ती गोष्ट होती. ताई घरी येणार की नाही.

पहिले तीन आठवडे नोंदी यायच्या त्या अगदी ताईला शोभतील अशा. चिडलेले. चिडलेले. ठीक. उदास. चिडलेले. बिनघोर रोज संध्याकाळी सहा वाजता मोबाइल उघडायचा आणि त्याचा चेहरा पडायचा. दर रविवारी दोन तास बसने जायचा, तासभर बसून यायचा. ताई सगळ्याला नावं ठेवायची, तो ऐकून घ्यायचा.

तेविसाव्या दिवशी मोबाइलवर आलं, 'आनंदी'. चोविसाव्या दिवशीही 'आनंदी'. पंचविसाव्या, सव्विसाव्या, महिनाभर, रोज. जेवण पूर्ण, चालणं झालं, मन:स्थिती आनंदी.

बिनघोरचा जीव भांड्यात पडला. रमली! लागतातच की तीन आठवडे नवीन जागेत. तो ज्याला त्याला मोबाइल दाखवत सुटला. बायकोला, शेजाऱ्यांना, बसमधल्या अनोळखी बाईला. "आमची ताई बघा. इथे बसून मला रोजचं रोज कळतं." रविवारच्या फेऱ्या मग एकाआड एक झाल्या आणि हळूहळू बंदच पडल्या. आनंदात असलेल्या माणसाला उगाच कशाला त्रास द्या?

चाळिसाव्या दिवशी गेला होता तेव्हा ताईने त्याला विचारलंही होतं. "रोज वाचतोस ना रे?"

"रोज," तो तिच्या कानाशी ओरडला. "सहाच्या ठोक्याला. एक दिवस चुकवला नाही."

ताई विणकामाचे टाके मोजत राहिली. नंतर कधी फोन लावला, तर त्याचं ऐकू न येताच ती म्हणायची, "तुला कळतंच आहे की रोज. बरं, ठेवते." बिनघोरला वाटायचं, वा, ताईलासुद्धा ॲपचं कौतुक आहे.

बाकी सगळीकडेही आनंदीआनंदच होता. साहेबांनी एक रंगीत पत्रक छापलं: आमच्या ॲपमुळे केंद्रातील सदतीसच्या सदतीस निवासी आनंदी. माणसं सदतीस, गुडघे, खुबे, अर्धांगवायू, विस्मरण, आणि झाडून सगळी आनंदी. हे वाचून कुणाच्याही मनात काही आलं नाही. आकडा पूर्ण आला की माणूस पुढे विचार करत नाही, त्यातही तो आकडा आपलाच असला तर मुळीच नाही.

सहा महिने संपत आले. बिनघोरने ताईच्या मन:स्थितीचा आलेख काढला. सुरुवातीला बावीस दिवस वेडीवाकडी रेघ, मग सरळ, सपाट, एकशे अडतीस दिवस. जेवणाच्या टेबलावर त्याने तो बायकोपुढे ठेवला.

"कायम ठेवू या. बघ, किती रमलीय."

बायकोने आलेख बघितला. औषधांच्या दुकानात उभी राहून तिला कागदावरच्या आकड्यांवर आणि समोरच्या माणसांवर, दोन्हींवर नजर ठेवायची सवय होती. "ताई स्वतः काय म्हणतात?"

"अगं, एकशे अडतीस दिवस सांगतेय ना ती! आनंदी आहे म्हणून!"

"एकदा जाऊन विचारून या."

"विचारलं तर म्हणेल मला घरी यायचंय. तिला आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलायची सवय आहे. आकडे खोटं बोलत नाहीत."

ताईला कुणाला बरं वाटावं म्हणून बोलायची सवय? ज्या ताईने त्याच्या लग्नात त्याच्याच सासऱ्यांना तुमचा कोट उसवलाय असं सगळ्यांदेखत सांगितलं, तिला? पण बिनघोर त्या क्षणी ताईला नव्हे, ऑब्जेक्टला ओळखत होता. त्याने केंद्राच्या संचालिकेला कळवून टाकलं. ताई रमली आहे, कायम ठेवू. खिशातलं उठणारं पेन काढून अर्जावर सही केली आणि कागद पाठवून दिला.

चौथ्या दिवशी, बुधवारी, सकाळी अकरा वाजता ऑफिसात फोन आला. एका बाईंचा. आवाज थकलेला, पण शब्द एकेक तोलून.

"माझे वडील त्या केंद्रात होते. रविवारी पहाटे गेले."

"अरेरे," बिनघोर म्हणाला. "फार वाईट झालं."

"वाईट झालं ते आम्हाला माहीत आहे. तुमच्या ॲपला माहीत नाहीये. सोमवारी वडील पूर्ण जेवले. काल ते चालून आले. आणि दोन्ही दिवस आनंदी होते."

इथे बिनघोरचा अनुभव कामी आला. "बाई, आम्ही फक्त दाखवतो. केंद्राकडून जे येतं तेच. चूक त्यांचीच असणार. मी बघून सांगतो."

फोन ठेवून त्याने कालचा मूळ मजकूर उघडला. सर्व्हरकडून येतो तो, खणांत पडण्याआधीचा. पहिल्या आठवड्यानंतर तो त्याने कधी उघडून बघितलाच नव्हता. कशाला बघायचा? प्रोग्रॅम पडत नव्हता ना.

त्या गृहस्थांच्या नावाखाली खोलीचा नंबर होता, वय होतं. जेवण नव्हतं. चालणं नव्हतं. मन:स्थिती नव्हती. त्यांच्या जागी एक नवीनच नाव होतं, 'शेरा', आणि त्यापुढे लिहिलं होतं: "रविवारी पहाटे वारले. मुलगी येऊन गेली. नाव महिनाअखेर काढू."

बिनघोर बघतच राहिला. केंद्राने कुणाला आनंदी म्हटलंच नव्हतं. मग आनंदी म्हटलं कुणी?

कटकट मागे येऊन उभी होती. तिने आपल्या टेबलावर जाऊन पाच मिनिटं शोधाशोध केली. "सगळेच, सर. सदतीसच्या सदतीस. एकाच तारखेपासून. आणि हे बघा, त्याच तारखेला केंद्राची मेल आलीय. निवडीच्या याद्या बंद केल्या आहेत, त्याऐवजी सेविका स्वतःच्या शब्दांत शेरा लिहितील. अडचण आल्यास कळवावे."

अडचण आलीच नव्हती. यायची सोयच ठेवली नव्हती. शेऱ्याला खण नव्हता, म्हणून प्रोग्रॅम तो टाकून देत होता. मन:स्थितीचा खण रिकामा राहत होता, म्हणून त्यात यादीतला पहिला पर्याय भरत होता.

ती तारीख म्हणजे ताईचा तेविसावा दिवस.

बिनघोरने ताईच्या नावाचे सगळे शेरे काढले. एकशे बेचाळीस निघाले. तो वाचायला लागला.

पहिला शेरा: "आजपासून शेरा लिहायचा आहे. ताईंना सांगितलं, हे तुमच्या भावाच्या मोबाइलवर जातं. म्हणाल्या, मग मी सांगते ते लिही. उशी दगडासारखी आहे, घरची घेऊन ये."

मग: "विचारतात उशी कधी येणार." मग: "म्हणाल्या लिही, उशी राहू दे, सवय झाली. शेजारची बाई रात्री घोरते आणि सकाळी मलाच म्हणते तुम्ही घोरता." चाळिसाव्या दिवसाचा: "भाऊ येऊन गेले. म्हणाल्या लिही, मी वाचतोस का विचारलं तर रोज वाचतो म्हणालास. मग काहीच कसं बोलला नाहीस?"

पुढे त्याच्या वाढदिवसाचा: "म्हणाल्या लिही, वेळेवर जेवत जा, पोट सुटलंय." पुढे: "म्हणाल्या लिही, मला घरी यायचंय. खाली रेघ मार म्हणाल्या. मी म्हटलं यात रेघ मारता येत नाही. मग दोनदा लिही म्हणाल्या. मला घरी यायचंय." पुढे: "म्हणाल्या लिही, दिवस मोजत नाही मी, पण आज एकशे दोन झाले." पुढे पुढे शेरे आखूड होत गेले. "आज काही लिहू नको म्हणाल्या. मी म्हटलं रिकामं ठेवता येत नाही. म्हणाल्या, मग लिही हवा चांगली आहे."

त्याच्यानंतर रोज तेच. हवा चांगली आहे. हवा चांगली आहे. आणि चार दिवसांपूर्वीचा: "संचालिका मॅडमनी कायमची खोली दाखवली. भावाने कळवलंय असं सांगितलं. म्हणाल्या, ठीक आहे. दुपारी जेवल्या नाहीत. हवा चांगली आहे."

बिनघोर रडला. भर ऑफिसात, सकाळचे साडेअकरा वाजलेले, समोर फळा, आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस ढसाढसा रडला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि हे आपल्याला इतक्या उशिरा कळलं याची त्याहून जास्त वाटली. कटकटने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. 'मी म्हटलं होतं' असं ती म्हणाली नाही. एवढं मोठं मन तिने कुठून आणलं कोण जाणे.

"ती ओळ काढ," बिनघोर नाक पुसत म्हणाला. "काही आलं नाही, की ओरडू दे त्याला."

"सर, पडेल. आत्ता, लगेच पडेल."

"पडू दे."

प्रोग्रॅम पडला. पडदा लाल झाला, साहेब केबिनमधून धावत आले, कोपऱ्यातून कुणीतरी "चहा!" म्हणून ओरडलं आणि बिनघोरचा चेहरा बघून तिथल्या तिथे गप्प झालं. बिनघोरने त्या वडील गेलेल्या बाईंना फोन लावला आणि पहिल्यांदाच म्हणाला, "चूक माझी आहे. केंद्राची नाही. माझी." बाई म्हणाल्या, "बाबांचे शेरे असतील ना? ते तरी पाठवा." कटकटने ते तेव्हाच पाठवले. बिनघोर बस पकडायला निघाला.

दोन तास बसमध्ये त्याने वाक्यं जुळवली. सर्व्हरच्या बाजूने बदल झाला. संवादात त्रुटी राहिली. तांत्रिक कारणाने शेरे दिसले नाहीत. आयुष्यभर ऑफिसात हीच भाषा चालली होती, आणि कुणाचीही चूक न सांगता घडलेलं सगळं सांगण्याची तिची ताकद मोठी होती. पण ताईपुढे ती कशी चालायची?

ताई व्हरांड्यात बसली होती. आजूबाजूच्या खुर्च्यांवर आठ-दहा माणसं उन्हाला बसलेली, आणि एक सेविका मोबाइलवर कुणाची तरी नोंद करत होती. ताईने भावाला बघितलं. विणकाम खाली ठेवलं नाही.

"आज कुठला वार?"

"बुधवार."

"मग कामावर नाही गेलास?"

"ताई, घरी चल."

"मोठ्याने बोल."

"घरी चल म्हणतोय!"

व्हरांड्यातल्या माना वळल्या. ताईने दोन टाके घातले. "कशाला? कायमची खोली मिळालीय मला. खिडकी आहे तिला. तूच कळवलंस ना?"

"कळवलं. चूक झाली."

"चूक कसली? एवढं सगळं रोज वाचून, विचार करूनच कळवलं असशील."

इथे बिनघोर अडकला. वाचलं म्हणावं तर आपण दगड. नाही वाचलं म्हणावं तर आपण मूर्ख, वर खोटारडे. जुळवून आणलेली वाक्यं तोंडात आली होती, पण त्यातलं एकही ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. ओरडून सांगता येतं ते फक्त खरं.

"नाही वाचलं."

"काय?"

"वाचलं नाही! एकही शेरा वाचला नाही! आज वाचले, सगळे एकदम!"

सेविकेचं बोट मोबाइलवर थांबलं. ताईच्या सुयाही थांबल्या.

"रोज सहा वाजता वाचतो म्हणाला होतास."

"मला तिथे नुसतं 'आनंदी' दिसत होतं! रोज!"

"मी आनंदी आहे असं कोण म्हणालं?"

"मी."

"तू?"

"तू जे सांगायचीस ते माझा प्रोग्रॅम टाकून देत होता. आणि रिकाम्या जागी 'आनंदी' लिहीत होता. मीच शिकवलं होतं त्याला तसं!"

ताई त्याच्याकडे बघत राहिली. तेहतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बसलेली बाई ती, लाइन कुठे तुटली हे शोधण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं. तिला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे इतके दिवस मी भिंतीशी बोलत होते?"

"हो."

"बरं झालं," ताई म्हणाली. "मला वाटत होतं, तुझ्याशी बोलतेय."

आणि ती रडायला लागली. बिनघोरने तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा याला मांडीवर घेऊन ती कोरड्या डोळ्यांनी बसली होती. तो खाली वाकला तर तिने त्याच्या खांद्यावर एक फटका मारला, मग आणखी एक, चांगला जोरात. "गाढवा," ती म्हणाली, "मी म्हटलं, याला वाचूनही काही वाटत नाही. मी म्हटलं, असा कसा निघाला हा? मीच वाढवला, आणि असा कसा निघाला?" शेजारच्या खुर्चीवरची घोरणारी बाईही डोळे पुसत होती. तिच्या मुलाकडेही हेच ॲप होतं.

संचालिकेने अर्ज परत दिला. सामान एका बॅगेत मावलं. पाच वाजता ते बसमध्ये बसले आणि सात वाजता घराच्या जिन्याखाली उभे होते. बायको वरून एक खुर्ची घेऊन खाली आलेली.

"ताई, चोपन्न पायऱ्या आहेत," बिनघोर म्हणाला.

"मला पाठ आहेत. एकदाच चढायच्यात ना? परत उतरायचंय कुणाला?"

दर सहा पायऱ्यांना खुर्ची ठेवायची, ताईने बसायचं, दम घ्यायचा, असं करत ते चढले. दुसऱ्या मजल्याशी ती बसली तेव्हा बिनघोर तिच्या कानाशी वाकला.

"ताई, बरं वाटतंय का तुला?"

विचारून तो थांबला. सहा महिन्यांत उत्तरासाठी तो पहिल्यांदाच थांबला होता. ताईने विचार केला, चांगला मिनिटभर.

"खुबा दुखतोय. भूक लागलीय. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, लवकर जाईल असंही वाटत नाही." तिने त्याच्या खांद्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली. "बाकी बरं आहे."

बिनघोरने मान हलवली आणि खुर्ची उचलून पुढच्या सहा पायऱ्या वर नेऊन ठेवली.